डावी बाजू कुणाची

चिठ्ठीत तिसरं वाक्य लिहायची काही गरज नव्हती. हे आता मला कळतं. ही तर ते त्याच दिवशी म्हणाली होती, पण हिचं ऐकायला लागलो तर दिवसभर दुसरं काही करताच येणार नाही.

झालं असं, की आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींची चिठ्ठी आली. सेक्रेटरी म्हणजे तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर. माणूस सज्जन, आवाज मऊ, आणि त्यांचा दवाखाना व माझी गाडी यांच्यामध्ये एक पातळ भिंत आणि तिला एक खिडकी. मला वाचायला वेळ लागतो (शाळा तिसरीपर्यंत. चौथीच्या वर्गात पाय ठेवला तो पुढं तिथला नळ दुरुस्त करायला), म्हणून हिनं चष्मा लावून मोठ्यानं वाचली.

"'आपल्या वाहनाच्या आवाजामुळे दवाखान्यात काम करणे कठीण झाले आहे. मंगळवारी आपण गाडी सुरू केली तेव्हा माझा हात हलला. संबंधित पेशंट माझ्याशी अजून बोलत नाहीत. तरी तिसऱ्या रविवारी सकाळी दहापर्यंत आवाज बंद करावा, अन्यथा वाहन आवारातून कायमचे हलवावे.'"

"कायमचे म्हणजे?" मी विचारलं.

"कायमचे म्हणजे भंगारात," ही म्हणाली. "दुसरं कोण घेणार आहे तिला?"

गाडी सव्वीस वर्षांची. पहिल्या मालकानं हौसेनं घेतली, दुसऱ्यानं नाइलाजानं, मी प्रेमानं. सहा सिलिंडरांचं इंजिन, तीन इकडं कललेले, तीन तिकडं. तिच्यातून मी हिला दर गुरुवारी गुडघ्याच्या व्यायामाला नेतो. मुलगी दोन वर्षं मागं लागली आहे, "बाबा, चौऱ्याहत्तर झाली, आता गाडी द्या आणि आरामात बसा." कुठं बसायचं तेही ठरलेलं आहे. आमच्या आवारात एक बाक आहे. त्यावर तीन जण आरामात बसलेले असतात. एक रिटायर पोस्टमन, एक रिटायर शिंपी आणि एक नुसताच रिटायर. चौथी जागा रिकामी आहे, आणि मी जवळून गेलो की ते तिघं जरा सरकून घेतात. ते सरकणं मला बघवत नाही. गाडी गेली की मी त्या बाकावर गेलो, हे मला स्वच्छ दिसत होतं.

म्हणून मी उत्तर लिहिलं. दुपारच्या जेवणानंतर बसलो तो चहाच्या वेळेला संपवलं. 'गाडी इथंच राहील. आवाज बंद होईल. दुरुस्ती मी स्वतः करणार, गॅरेजला देणार नाही.'

हिनं वाचलं. "गॅरेजला देणार की नाही, हे त्यांनी कुठं विचारलंय?"

"विचारण्याआधीच सांगून टाकलं."

"अहो, पण आता गॅरेजला द्यायची वेळ आली तर?"

"येणारच नाही. लिहून दिलंय."

तर असं ते तिसरं वाक्य. आता मी काही मोटार मेकॅनिक नाही. कागदाच्या कारखान्यात चाळीस वर्षं पाइप फिटर होतो. पण आवाज कुठून येतो ते मी ऐकलं होतं. इंजिनाच्या माथ्याला, ज्याला सिलिंडर हेड म्हणतात, दोन्ही बाजूंना एकेक बिडाचा जाड हात असतो. तीन सिलिंडरांचा धूर गोळा करायचा आणि मागं सायलेन्सरकडं द्यायचा, एवढंच त्याचं काम. त्यातल्या एकाला तडा गेला होता आणि धूर तिथूनच शिव्या देत बाहेर पडत होता. म्हणजे प्रश्न नळीचा होता. आणि नळी म्हटलं, की मी जगात कुणाला घाबरत नाही.

पहिला आठवडा जुने बोल्ट सोडवण्यात गेला. सव्वीस वर्षं तापून बसलेला बोल्ट जोर लावला की तुटतो. त्याला रोज थोडं तेल पाजायचं, किंचित पुढं, किंचित मागं, आणि उद्यावर सोडायचं. मी तेच करत होतो. बाकावरून पोस्टमन ओरडला, "काय हो फिटर, बोल्टला औषध देताय काय?"

"तीन वेळा. जेवणानंतर."

"मग आजार कधी बरा होणार?"

"तुम्ही बाकावरून उठाल त्याच्या आधी," मी म्हटलं. त्यानंतर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, त्यामुळं काम भराभर झालं.

बाराही बोल्ट आले, एकही तुटला नाही. पण तो बिडाचा हात आता मिळत नाही असं कळलं. मग जावयाला फोन केला. जावई कॉम्प्युटरमध्ये आहे. तो सगळं फोनवरून मागवतो, एकदा तर त्यानं फोनवरून फोन मागवला होता. त्यानं शोधून दोन नळ्यांचे संच पाठवले. हेडर म्हणतात त्यांना. खोकं उघडलं आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. प्रत्येकाला तीन पाय, प्रत्येक पाय वेगळ्या दिशेला वळलेला, आणि शेवटी तिन्ही एका तोंडात जमलेले. कुणीतरी निवांत बसून गुंता करावा आणि मग त्याला पॉलिश मारावं, तसं.

सोबत एक कागद होता, सगळा इंग्रजीत. ही फोटो काढायला शिकली आहे. तिनं फोटो पाठवला, जावयानं तिकडून वाचून दाखवलं.

"बाबा, एल खुणेचा संच लेफ्ट बँकेला लावायचा. आर खुणेचा राइट बँकेला."

"यात बँक कुठून आली?"

"सिलिंडरांची बँक, बाबा."

ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. "सिलिंडर बँकेतून मिळणार आता? आपल्या नेहमीच्या माणसाला काय झालं?"

"गॅसचा नाही, इंजिनाचा सिलिंडर," मी म्हटलं.

"इंजिन गॅसवर करताय? आणि मला आत्ता सांगताय?"

"बाबा," जावई तिकडून हळूच म्हणाला, "बँक म्हणजे फक्त बाजू. डावी बाजू, उजवी बाजू. एवढं लक्षात ठेवा, बास."

"डावं-उजवं मला समजतं."

"नक्की? नाहीतर मी सुट्टी काढून येतो."

"येऊ नका," मी म्हटलं आणि फोन ठेवला. माणसानं शिकलेल्या जावयाशी फार लांबण लावू नये. (आणखी एक मिनिट लावली असती तर पुढचे सहा दिवस वाचले असते.)

दुसऱ्या आठवड्यात मी फ्लँजला लागलो. फ्लँज म्हणजे नळीच्या तोंडाशी असते ती चपटी पट्टी, जिच्या भोकांतून बोल्ट जातात. ती सपाट नसेल तर मध्ये कितीही चांगलं पॅकिंग घाला, धूर निसटतोच. सपाट आहे की नाही हे बघायला तिच्याहून सपाट काहीतरी लागतं. घरात सगळ्यात सपाट वस्तू कुठली? बैठकीच्या खोलीतलं काचेचं टेबल. त्यावर फ्लँज ठेवून बोटानं दाबली तर टकटक वाजली. म्हणजे प्रवासात वाकलेली. मग टेबलावर पॉलिश पेपर पसरला, तेल टाकलं आणि घासत बसलो, आठाच्या आकड्यासारखं, हलक्या हातानं. ही बहिणीकडं गेली होती. बहिणी दोघी बोलायला लागल्या की मला सहा तास मिळतात. त्या दिवशी पाचच मिळाले.

"हे काय?" ही दारातच थांबली.

"सपाट झाली."

"काय सपाट झालं?"

"फ्लँज. दोन्ही. हात लावून बघ."

"आणि टेबल?"

"टेबल आधीच सपाट होतं. म्हणून तर घेतलं."

टेबलाची काच दुधासारखी झाली होती. मी तिला समजावलं, की आता खालचा पसारा दिसत नाही, हा फायदाच आहे. तिनं काही न बोलता त्यावर टेबलक्लॉथ घातला. ही काही न बोलता जे जे करते, ते मी जपून बघतो.

आता फ्लँज हेडला सगळीकडं टेकते का, हे बघायचं होतं. कारखान्यात त्यासाठी निळा रंग असे. एका तोंडाला पातळ लावायचा, दुसरं तोंड त्यावर टेकवून उचलायचं. रंग जिथं उठला नाही तिथं खड्डा. आता निळा रंग कुठून आणू? मुलगी मागच्या खेपेला एक लिपस्टिक विसरून गेली होती. ती मी सिलिंडर हेडच्या तोंडांना बोटानं सारखी लावत होतो, तेवढ्यात खिडकीतून डॉक्टरांचं डोकं बाहेर आलं.

"काका, काय चाललंय?"

"लिपस्टिक लावतोय."

"कुणाला?"

"इंजिनाला."

डॉक्टर म्हणाले, "तब्येत बरी आहे ना?"

मी त्यांना फ्लँज टेकवून दाखवली, उचलून दाखवली. लाल रंग दोन जागी उठला नव्हता. डॉक्टरांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "अहो, हे तर मी रोज करतो. नवा दात बसवला की पेशंटला रंगीत कागद चावायला देतो. जिथं जास्त टेकतो तिथं रंग उमटतो, तेवढंच घासायचं."

"थोडंच घासायचं," मी म्हटलं.

"जास्त घासलं की गेलं," ते म्हणाले.

आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. त्यांच्या मागं खुर्चीत एक बाई आ वासून वाट बघत होत्या.

"काका, मागचा बोल्ट दिसत नसेल तर माझा तोंडातला आरसा घेऊन जा. छोटा असतो, कुठंही जातो."

"नको. माझं माझं मी बघीन."

"बरं," ते म्हणाले. "पण रविवार तो रविवार."

"रविवारी दहा वाजता," मी म्हटलं. "खुर्ची घेऊन या. बसून ऐका."

तिसऱ्या आठवड्यात बसवायला घेतलं, आणि तिथं माझं डोकं चालेनासं झालं.

माझे वस्ताद मला एकच गोष्ट शिकवून गेले होते. फ्लँज स्वतःहून जुळली पाहिजे. बोल्टनं ओढून जुळवायची नाही. ओढून जुळवलेली फ्लँज आज गप्प बसते आणि महिन्यानं तोंड उघडते. मी गाडीसमोर उभा राहिलो, एल खुणेचा संच माझ्या डाव्या हाताच्या बाजूला नेला आणि लावून बघितला. पट्टी हेडला टेकली, भोकं जवळजवळ समोरासमोर आली, पण नळीचं मोठं तोंड आलं पुढं, रेडिएटरकडं. धूर जायला हवा मागं. हे म्हणजे माणसानं घराचं सांडपाणी देवघरात सोडण्यासारखं. मग तो संच उलटा केला. आता तोंड मागं वळलं, पण वर, आभाळाकडं. उजवीकडचाही तसाच.

मी विचार केला. एक दिवस केला, दोन दिवस केला. मला विचार करायला वेळ लागतो, पण एकदा केला की पक्का असतो. तिसऱ्या दिवशी मी बॉनेट काढून भिंतीला टेकवलं, त्यावर बशी पालथी ठेवली आणि खडूनं दोन गोल काढले.

"हे कशाला?" हिनं विचारलं.

"इथून नळ्या वर निघणार. ट्रॅक्टरला नसते का वर चिमणी?"

"ट्रॅक्टरला एक असते."

"आपलं इंजिन मोठं आहे."

"म्हणजे मी गुरुवारी व्यायामाला दोन चिमण्यांच्या गाडीतून जाणार?"

"कंपनीनं तशाच बनवल्यात त्याला मी काय करू? नवीन पद्धत असेल."

"जावयांना एक फोन करा."

"फोन करणार नाही."

"डॉक्टरांना सांगून चार दिवस वाढवून घ्या."

"एक तास वाढवून घेणार नाही."

"मग निदान आज कापू नका."

आज कापणारच नव्हतो. पत्र्यावर खूण केली की एक रात्र जाऊ द्यायची, हा माझा नियम. सगळे मला जन्मभर मंद म्हणत आले, पण त्या मंदपणानंच माझं बॉनेट वाचलं, हे मी कुणालाही तोंडावर सांगायला तयार आहे.

दुसऱ्या दिवशी शनिवार. कापायच्या आधी एकदा शेवटचं बघावं म्हणून मी नळी धरायला हिला खाली बोलावलं. नळी जड, तिचा गुडघा दुखायला लागला. मी म्हटलं, जरा बस. बाकावर ते तिघं होते, म्हणून ती गाडीत शिरली आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसली. बॉनेट नसल्यामुळं मी इंजिनासमोर आणि ती चाकामागं, अशी आमची समोरासमोर गाठ पडली. तिनं तो इंग्रजी कागद डोळ्यांजवळ धरला. ही दहावीपर्यंत शिकलेली आहे. (लग्नात हे माझ्यापासून लपवलं नव्हतं, मीच लक्ष दिलं नव्हतं.)

"अहो, एल म्हणजे डावं. डावं डावीकडं लावायचं आहे."

"डावीकडंच लावतोय."

"नाही, तुम्ही उजवीकडं लावताय."

"तुझा डावा हात कुठला? वर कर बघू."

तिनं डावा हात वर केला. मीही माझा डावा वर केला. तिचा हात बाकाकडं, माझा डॉक्टरांच्या खिडकीकडं. बाकावरचे तिघं गप्पा थांबवून बघायला लागले.

"तुमचा चुकलाय," ही म्हणाली.

"हात चुकत नसतो."

"मी गाडीत बसलेय. गाडीचं डावं म्हणजे गाडीत बसणाऱ्याचं डावं."

"चाळीस वर्षं मी पंप जोडलेत. पंपाचं डावं म्हणजे पंपासमोर उभा राहील त्याचं डावं."

"पंपात कोण बसतं?"

पंपात कुणीच बसत नाही. चाळीस वर्षांत हा प्रश्न मला एकाही इंजिनिअरनं विचारला नव्हता.

आमचे दोघांचे हात अजून वरच होते. बाकावरून शिंपी म्हणाला, "ठराव पास झाला का?"

खरं सांगतो, त्या घडीला माझ्या डोक्यात गाडी नव्हतीच. शेहेचाळीस वर्षं आम्ही असेच समोरासमोर उभे आहोत. 'डाव्या बाजूच्या फळीवर आहे' असं ही स्वयंपाकघराच्या आतून सांगते आणि मी दारातून शोधतो. दर वेळी मला सापडत नाही, दर वेळी ती म्हणते, तुम्हाला डोळे नाहीत. डोळे दोघांनाही होते. पण हे मी तिला सांगितलं नाही. एका दिवसात किती कबूल करायचं, यालाही मर्यादा असते.

"कंपनीनं कागदावर नीट लिहायला हवं होतं," मी म्हटलं. "पण तुझं समाधान व्हावं म्हणून एकदा तसं लावून बघतो. बसणार नाहीच."

बसली. एल खुणेचा संच मी पलीकडं नेला, हेडजवळ धरला, आणि तो हातातून निसटून लोण्यात सुरी जावी तसा जागेवर गेला. सहा भोकांसमोर सहा भोकं. मोठं तोंड मागं, खाली, सायलेन्सरच्या बरोब्बर तोंडाशी. कुणीही ओढलं नव्हतं. स्वतःहून.

"बसली का?" हिनं विचारलं.

"बघतोय."

"बसली ना?"

"अगं, बघतोय म्हटलं ना."

मग पॅकिंग घालून बोल्ट लावायला घेतले. आधी सगळे नुसत्या बोटांनी, अर्धवट. एकालाही पाना लावायचा नाही. सगळे जागेवर आले, की मधल्यापासून सुरुवात. थोडं मधल्याला, थोडं शेजारच्याला, थोडं पलीकडच्याला, आणि पुन्हा मधल्याकडं यायचं. एकालाच आधी गच्च केलं की दुसरं टोक उचलतं आणि पट्टी रुसते. घरात चार माणसं असली तर असंच वागावं लागतं.

अडलं ते मागच्या शेवटच्या बोल्टला. जागा एवढीशी, त्यात माझी बोटं जाईनात. दिसतही नव्हतं. मी अर्धा तास झटत होतो. ही उठून कुठंशी गेली आणि परत आली ती हातात लांब दांडीचा, नाण्याएवढा आरसा घेऊन.

"कुठून आणलास?"

"सापडला."

"डॉक्टरांकडून आणलास."

"तुम्ही नको म्हणाला होतात. मी कुठं म्हटलं होतं?"

तिनं एका हातानं आरसा धरला, दुसरा हात आत घातला. तिची बोटं बारीक. आरशात बघून तिनं बोल्ट भोकाशी नेला आणि फिरवला. एकदा, दोनदा. मग थांबली.

"धरला," ती म्हणाली.

"वाकडा तर नाही ना?"

"माझ्या हातात आहे. मला कळतंय."

बोल्ट धरला हे बोटांना कळतं, सांगून समजत नाही. हे मला शिकायला दोन वर्षं लागली होती. तिला पहिल्याच बोल्टला कळलं. संध्याकाळी सहाच्या आत दोन्ही बाजू आवळून झाल्या, बॉनेटही जागेवर बसवलं. खडूचे गोल पुसायचे राहिले, पण त्यानं आवाज होत नाही.

"एकदा चालू करून बघा," ही म्हणाली.

"उद्या दहाला."

"आत्ता बघा. उद्या सगळ्यांसमोर काही झालं म्हणजे?"

"माझ्या हातची फ्लँज आहे. तिला रंगीत तालीम लागत नाही."

रविवारी पावणेदहालाच डॉक्टर वही घेऊन हजर. खरंच खुर्चीही आणली होती. बाकावरचे तिघं उठून गाडीजवळ आले, म्हणजे बघा. दवाखान्यात एक पेशंट होता, तोही गळ्यात कागदी रुमाल बांधलेला तसाच खिडकीत येऊन उभा राहिला. ही दाराशी, हात बांधून.

मी आत बसलो. काचा वर केल्या. कपाळाला घाम आलेला कुणाला दिसायला नको होता. किल्ली फिरवली. स्टार्टर खर्र करून फिरला. मी किल्ली सोडली.

आणि काही नाही.

सव्वीस वर्षांची गाडी, निदान नऊ वर्षं माझ्याकडं. चालू झाली की खिडक्या थरथरतात, समोरच्या झाडावरचे कावळे उठतात, मला पोटात कळतं. आज काहीच कळलं नाही. मी वाट बघितली. मग बॉनेटच्या फटीतून धूर यायला लागला. आधी धागा, मग चांगला पांढरा. मी समजलो, वायर जळाली.

बाहेर उतरलो. सगळे माझ्याकडं बघत होते. तीन आठवडे मी प्रत्येकाला नाही म्हणत आलो होतो. मुलीला नाही, जावयाला नाही, गॅरेजला नाही, आरशाला नाही. आता अंगात एकही नाही उरलं नव्हतं.

"डॉक्टर," मी म्हटलं, "माझ्याकडून झालं नाही. मी कबूल करतो. गाडीही थकली, मीही थकलो. तुम्ही भंगारवाल्याला बोलवा. सगळ्यांसमोर सांगतो, माझी काही हरकत नाही."

शिंप्यानं डोळे पुसले. पोस्टमन म्हणाला, "असं नका हो बोलू, फिटर," आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

डॉक्टर पुढं आले. त्यांनी बॉनेटवर तळवा टेकवला, पेशंटच्या गालावर ठेवावा तसा.

"काका," ते म्हणाले, "ही चालू आहे."

"समजूत घालू नका."

"खरंच चालू आहे. नव्या नळ्यांवरचं तेल जळतंय, त्याचा धूर आहे हा. बघा, विरतोय."

"अहो, चालू आहे," ही म्हणाली.

"चालू असती तर मला कळलं नसतं? चाळीस वर्षं यंत्रांत काढलीत मी." मला राग आला. हरलेल्या माणसाची कुणी अशी चेष्टा करतं? "बघा, दाखवतो," म्हणून मी परत आत वाकलो आणि किल्ली फिरवली.

चालू इंजिनाला पुन्हा स्टार्टर लावला की काय होतं, हे ज्यांनी ऐकलंय त्यांनाच माहीत. लोखंडानं लोखंडाला कडकडून चावा घेतला. चौथ्या मजल्यापर्यंतच्या खिडक्या उघडल्या. खिडकीतल्या पेशंटनं दोन्ही हातांनी जबडा धरला. आणि त्यानंतर जी शांतता झाली, तिच्यात अगदी खालून, मांजर घुरघुरावं तसा, मला माझ्या इंजिनाचा आवाज आला.

डॉक्टरांनी खुर्चीत बसून वहीत लिहिलं. बराच वेळ लिहिलं. संध्याकाळी ते खाली नोटिस बोर्डावर लागलं. मी तिथं उभं राहून सावकाश, एकेक शब्द वाचला. 'तपासणी केली. वाहनाचा आवाज येत नाही. तपासणीदरम्यान मालकांनी वाहन भंगारात देण्याची विनंती सर्वांसमक्ष केली. समितीने विचार करून ही विनंती फेटाळली आहे. वाहन आवारातच ठेवावे.'

मी तसाच डॉक्टरांकडं गेलो. "मधली ओळ काढा."

"का? खोटं लिहिलंय का?"

"खोटं नाही."

"मग राहू द्या, काका. समितीचा निर्णय आहे."

चौऱ्याहत्तर वर्षांत मी एकदाच हार मानली. तीही मंजूर झाली नाही.